साहेबांची अंघोळ

"'बाळाला व्यवस्थित धरले' म्हणजे नेमकं काय केलं?" प्राचार्यांनी तिच्या गुणपत्रकातली ओळ वाचून, चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

"म्हणजे... नीट धरलं," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

प्राचार्या हसल्या नाहीत. मागच्या परीक्षेत एकाच मुलीला एका परीक्षकाने वाखाणलं होतं आणि दुसऱ्याने नापास केलं होतं. मुलीच्या वडिलांनी तक्रार थेट वरपर्यंत नेली. मग हुकूम सुटला, प्रत्येक प्रात्यक्षिकाला रुब्रिक करा. म्हणजे एक तक्ता. डावीकडे कौशल्याचे बारीक बारीक भाग, समोर 'उत्तम'पासून 'अपुरे'पर्यंत रकाने, आणि कुठल्या पातळीला काय दिसतं ते प्रत्येक रकान्यात शब्दांत.

"डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहा," प्राचार्या म्हणाल्या. "माया, काळजी, आपुलकी असले शब्द नकोत. ते मोजणार कसे? दोन परीक्षक दोन कोपऱ्यांत बसले तरी गुण सारखे पडले पाहिजेत. सोमवारी द्या."

नर्सिंगच्या त्या शाळेत ती नवजात बाळांची निगा शिकवायची. मुली तिला ट्यूटरबाई म्हणत. निम्मा जन्म तिने बाळांना अंघोळ कशी घालायची हे सांगण्यात घालवला होता, पण ते कागदावर उतरवायची वेळ आली तसे शब्द डोक्याला पाय लावून पळाले. शेवटी शनिवारी ती साहेबांना घरी घेऊन आली.

साहेब म्हणजे शाळेतली रबरी बाहुली. वजन खऱ्या बाळाइतकं, मान खऱ्यासारखीच लुळी. वर्गाचं पास-नापास त्याच्या हातात, म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव. साहेब आज नाराज दिसतात, साहेबांच्या नाकात पाणी गेलं, असं सारखं चाललेलं असे.

रविवारी दुपारी नवरा कुणा मित्राला भेटायला गेला होता. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत डुलक्या घेत होत्या. जेवणाच्या टेबलावर तिने मोठं घमेलं ठेवलं, शेजारी किटली, टॉवेल, साबण आणि कोरा तक्ता. दुपार अशी सुस्तावलेली होती, की रस्त्यावरचे आवाजही पाण्याखालून आल्यासारखे येत होते. वाफ पडद्यापर्यंत जाई आणि उन्हात विरून जाई. ती साहेबांना पाण्यात धरी, मग हात पुसून एखादी ओळ लिही, मग ती खोडी. पाण्याचं तापमान लिहून झालं. डोळे आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसायचे, तेही झालं. 'हाताळणी' ह्या ओळीशी गाडी अडली, ती अडलीच.

तिला स्वतःला मूल नव्हतं. म्हणजे झालं होतं, लग्नानंतर लवकरच. जन्मताच गेलेलं. ती तेव्हा तापाने फणफणली होती. शुद्धीवर आली तोवर सगळं आवरलं होतं. मुलगा होता एवढं तिला सांगितलं, बाकी तिने कुणाला विचारलं नाही आणि कुणी तो विषय काढला नाही. घर त्याला वळसा घालून चालायला शिकलं. पुढे ती कामावर रुजू झाली आणि दुसऱ्यांच्या बाळांत बुडाली.

सासूबाई खुर्चीतून कधी उठल्या ते तिला कळलं नाही. हल्ली त्यांचं मन कुठल्याही वर्षात जाऊन बसायचं. कधी त्या सुनेला ओळखत, कधी आपली धाकटी बहीण समजत. आत्ता त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, बाहुलीकडे पाहत राहिल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या,

"सिस्टर, थोडं कोमट पाणी मिळेल का?"

ती म्हणणार होती, आई, अहो मी आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर अजिजी होती, आणि ह्या बाईला कुणापुढे अजिजी करताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"देते हं, आजी," ती म्हणाली. वॉर्डात म्हणायची तशी.

"आणि दार लोटून घ्या. पलीकडे माझी सून आहे. तापात आहे पोर. तिला कळू देऊ नका."

किटलीवरचा तिचा हात तसाच राहिला.

"काय कळू द्यायचं नाही?"

"बाळ गेलंय हो. ठाऊक आहे मला, मी काही खुळी नाही. पण असं न धुता-पुसता कसं पाठवायचं त्याला? पहिलं नातवंड माझं."

तिने दार लोटलं. परत येऊन पाणी ओतलं. सासूबाईंनी बाह्या वर केल्या, कोपर बुडवलं आणि मान हलवली. "चटका बसेल. गार घाला." तिने गार घातलं. "अजून थोडं. हं, आता."

मग त्यांनी डावा तळवा साहेबांच्या मानेखाली सरकवला. हात थरथरत होते, रोजच्यासारखेच. तरी तो तळवा तिथून हलला नाही. "आता तोंड पुसू हं, राजा," त्या म्हणाल्या आणि मग तोंड पुसलं. "आता कान. पाणी नाही जाऊ देणार, भिऊ नको." आणि मग कान. "आता पाठ. झालं, झालं. गुणाचं माझं बाळ." आधी शब्द, मग हात. कुठेही घाई नाही. टॉवेल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला राहिला होता. त्यांनी तो गाठायची धडपड केली नाही, नुसती मान वळवली. "सिस्टर, टॉवेल."

तिने टॉवेल दिला. आपले स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"तुमच्या सुनेला दाखवायचं का?" तिने विचारलं. आवाज सिस्टरचाच ठेवायला तिला फार कष्ट पडले.

"डॉक्टर नको म्हणतात. खचेल म्हणे." सासूबाईंनी टॉवेलची घडी हनुवटीखाली नीट बसवली. "माझ्या हातात असतं तर दाखवलं असतं. तिचंच आहे ना ते. पण माझं ऐकतंय कोण इथे?" जरा थांबून त्यांनी ते गाठोडं पुढे केलं. "घ्या तुम्ही जरा. सगळ्यांनी लांबूनच बघितलंय त्याला."

तिने घेतलं. पाण्यामुळे रबर कोमट झालं होतं. ती उभ्या उभ्या हलकेच डोलत राहिली. किती वेळ, कोण जाणे. उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकत फडताळापर्यंत गेला. सासूबाई खुर्चीत बसल्या, ओल्या बाह्यांसकट, आणि एखादं मोठं काम उरकल्यावर लागते तशी गाढ झोप त्यांना लागली.

नंतर तिने तक्ता पुढे ओढला. 'उत्तम'च्या रकान्यात लिहिलं: एक हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मानेखाली राहतो. वस्तू लांब असेल तर मागून घेते, हात सोडत नाही. 'अपुरे'मध्ये: वस्तू घेण्यासाठी बाळाला सोडते. मधले रकाने आपोआप भरत गेले. मग तिने खाली एक नवी ओळ जोडली: प्रत्येक स्पर्शाआधी बाळाला सांगते.

सोमवारी त्या ओळीवर प्राचार्यांचं पेन थांबलं.

"बाहुलीशी बोलायचं? मुली हसतील."

"हसू देत, मॅडम."

"पण हे दिसणार कुठे?"

"ऐकू येईल. दोन्ही कोपऱ्यांत सारखंच."

प्राचार्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "गुण किती ठेवायचे ह्याला?"

"मान सांभाळण्याला ठेवलेत तेवढेच."

प्राचार्यांनी काही वेळ पेन बोटांत फिरवलं. "ठेवा," त्या म्हणाल्या आणि सही केली.

संध्याकाळी गच्चीवर वाळलेल्या चादरी काढताना नवरा मदतीला आला. दोघांनी एका चादरीची दोन-दोन टोकं धरली. वारा चादरीत शिरून तिला मधेच फुगवत होता.

"बाळाला आईंनी अंघोळ घातली होती," ती म्हणाली.

कुठलं बाळ, हे त्याने विचारलं नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. काल. मला त्या वॉर्डातली सिस्टर समजल्या."

"मी दाराशी होतो," तो म्हणाला. "आई म्हणाली, आत ये, धर जरा त्याला. माझा पायच उचलला नाही गं. तिथूनच बघत राहिलो." चादरीची टोकं त्याच्या मुठीत चुरगळली. "तुला सांगायचं राहून गेलं. आधी तू बरी हो म्हटलं, मग तू कामाला लागलीस, मग..."

"कसा होता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारेल असं त्याला वाटलं नसावं. तो गोंधळला, मग आठवू लागला, आणि आठवायला फारसं दूर जावं लागलं नाही.

"केस होते," तो म्हणाला. "भरपूर. काळेभोर. पाणी घातलं तसे सगळे पुढे आले."

"कुठवर?"

त्याने चादरीचं एक टोक सोडलं. आपल्या कपाळावर, भुवयांच्या जरा वर, एक बोट टेकवलं. "इथवर," तो म्हणाला.

सुटलेली चादर वाऱ्यावर फडफडत राहिली. त्याने बोट काढलं नाही, आणि ती पुढे होऊन त्या जागेकडे पाहत राहिली.