लोखंडासाठी रदबदली

हाजी मुतलक यांच्या नातीने परीक्षेत लिहिलं, शुद्ध लोखंडाचा ऑक्सिडीकरण अंक तीन. मुअतसिम मास्तरांनी तो खोडून शेजारी शून्य लिहिलं, आणि करक गावातल्या समस्त लोहार घराण्याचं नाक कापलं गेलं. ज्या लोखंडावर पिढ्या पोसल्या, त्याला शून्य?

दुसऱ्याच दिवशी दुपारी डझनभर म्हातारे मास्तरांच्या बैठकीत येऊन टेकले. पुढे अबू नायिफ. ह्याच अबू नायिफनी शुक्रवारी मास्तरांच्या मुलासाठी, राकानसाठी, मुलगी मागायला पुढे व्हायचं होतं. ते नसतील तर मुलीचा बाप दारसुद्धा उघडणार नाही, हे मास्तर पक्कं जाणून होते.

कॉफी फिरली. अबू नायिफनी पेला तसाच खाली ठेवला, मागोमाग सगळ्यांनी ठेवले. मागणं मान्य होईपर्यंत कोणी तो तोंडाला लावणार नव्हतं. आणि पाहुणे कॉफी न पिता उठले, तर मास्तरांनी गावात तोंड कुठे दाखवायचं!

"उस्ताद, तीन नको तर नको," अबू नायिफ म्हणाले. "आम्ही काही हट्टी माणसं नाही. दोन द्या."

"देणारा मी कोण? मूलद्रव्य एकटं, शुद्ध असलं की अंक शून्यच. ना कुणाला काही दिलं, ना कुणाचं घेतलं."

"ह्या दाढीकडे बघून एक द्या."

"एक म्हटलं की ते कशाशी तरी जुळलं, शुद्ध उरलं नाही."

"म्हणजे आमच्या लोखंडात भेसळ?" हाजी मुतलक ताडकन उठले.

आतून बायको खेकसली, "द्या की हो एक! तुमच्या खिशातून जातोय का? पोरगा बिनलग्नाचा राहील!"

मास्तरांनी तोंड उघडलं. पण खोटा अंक काही केल्या जिभेवर येईना.

हाजींनी डोळे बारीक केले. "आणि त्या तांबटांना किती दिलेत?"

"तांब्यालाही शून्य."

"सोन्याला?"

"शून्य."

"हवेतल्या ऑक्सिजनला?"

"तोही शून्य."

"मग आधी नाही का सांगायचं!" हाजी एकदम खुलले. "तांबटांना शून्य असेल तर आमची काही तक्रार नाही."

थंडगार कॉफी सगळ्यांनी एका घोटात संपवली. मास्तरांना रडू फुटायचंच बाकी होतं.

निघताना अबू नायिफनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "शुक्रवारची काळजी सोडा. मुलीच्या बापाला भर बैठकीत सांगतो, पोरगा अगदी शुद्ध आहे. कुणाला दिलं नाही, कुणाचं घेतलं नाही. साक्षात शून्य!"

अबू नायिफनी एकदा बोलायचं ठरवलं की ते बोलल्याशिवाय राहत नसत. मास्तरांनी त्यांची बाही धरली.

"अबू नायिफ, तीन म्हणा."

"छे! शास्त्र आहे ते."

"बरं, दोन... अहो, एक तरी म्हणा!"