शपथेतलं नाव

थोरला शतनायक काल्विसियस खारवलेलं डुकराचं मांस घेऊन आमच्या खोलीत आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. चोवीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने मला हातातल्या द्राक्षवेलीच्या काठीचे फटके सोडून काही दिलं नव्हतं.

"ओपियस, उद्या वर्षाचा पहिला दिवस. पलटणीची शपथ तू सांगायचीस."

"मी? दहा वर्षं तुम्हीच सांगता की, नायक."

"घसा बसलाय रे."

तासाभरापूर्वी कवायतीला हाच घसा असा गरजत होता, की ऱ्हाईनपलीकडच्या जर्मनांनीही पावलं जुळवली असतील.

"आणि शपथ कोणाच्या नावाने?"

"ते सेनापती उद्या सांगतील. तू मांस खा." तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या छावणीने सम्राटाच्या तसबिरी फोडल्याचं आम्ही ऐकलं होतं. आमच्या सेनापतीला सम्राट व्हायला निघालेल्या एका सुभेदाराची पत्रं येत, वाचली की जाळली जात. सम्राट आपण ठरवतो असं रोममधल्या पुढाऱ्यांना वाटतं, वाटू दे. तो इथे ठरतो, चिखलात उभ्या असलेल्या पलटणींत.

माझा खोलीतला सोबती टुशियस मांसाकडे बघत म्हणाला, "खा, खा. बळीच्या बैलालाही आधी सजवतात."

"तोंड सांभाळ."

"अरे, शपथ कशी होते? एक जण अख्खी म्हणतो. बाकीचे काय म्हणतात?"

"'माझंही तेच', एवढंच."

"मग सम्राटाचं नाव किती जण घेतात?"

मी हातातलं मांस खाली ठेवलं. तो सुभेदार जिंकला तर काल्विसियस त्याच्या शेजारी मिरवणार. हरला, तर पाच हजार जण फक्त 'माझंही तेच' म्हणालेले असणार, आणि नाव घेतलेलं एकच तोंड उरणार. माझं. नकार द्यावा, तर मान तिथल्या तिथे उडणार.

छावणीच्या फाटकाबाहेरच्या वस्तीत माझी गिसा आणि सात वर्षांची पोर राहत होती. द्राक्षं तोडायच्या दिवसांत मला निवृत्ती मिळणार होती. मी घाबरलो होतो, आणि त्याहून जास्त चिडलो होतो.

सकाळी सगळी पलटण बर्फात उभी राहिली. सम्राटाच्या तसबिरीवर फडकं घातलं होतं. सेनापती माझ्या कानाशी लागला आणि त्याने सुभेदाराचं नाव सांगितलं. काल्विसियस गळ्याला लोकरीचा रुमाल गुंडाळून बाजूलाच उभा होता.

"मोठ्याने हं," तो म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ होता.

मी हात वर केला. मग काल्विसियसकडे वळलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "आमचे थोरले शतनायक ज्याचं नाव घेतील, माझंही तेच!"

पाय गारठलेले, पोटं रिकामी, आणि वर्षानुवर्षांची सवय. 'माझंही तेच' कानावर पडल्यावर कोण विचार करतो? पहिली तुकडी गरजली, "माझंही तेच!" मग दुसरी, मग तिसरी. वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. एकदा पाच हजार हत्यारबंद माणसांनी शपथ घेतली, की ती फुकट गेली असं त्यांना सांगायची छाती कोणाला असते? आमच्या सेनापतीला तर नव्हतीच.

"बोला, नायक," तो काल्विसियसला म्हणाला. "सगळे थांबलेत."

काल्विसियसचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने रुमाल सोडला आणि नाव घेतलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

उन्हाळ्यात तो सुभेदार लढाईत पडला. त्याला हरवून गादीवर बसलेल्या नव्याच सम्राटाची माणसं छावणीत आली. पलटणीला त्यांनी हात लावला नाही. पलटण त्यांनाही हवीच होती. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि एवढंच विचारलं, "नाव कोणी घेतलं?"

काल्विसियस माझ्याकडेच बघत होता. मला त्याची दया आली, खरंच आली.

मग टुशियसचं बोट वर झालं. त्याच्या शेजारच्याचं झालं. रांगेमागून रांग बोटं काल्विसियसकडे वळत गेली.

माझंही.