शिडी न्यायला याल तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच कीव करू नका. माझ्या पायऱ्या नीट बघा, एकही दुसरीसारखी नाही. एक मोडक्या खाटेच्या पायाची, एक पडक्या दाराच्या चौकटीची. आमच्या गल्लीचा नियमच होता, ज्याच्या हातून पायरी मोडेल त्याने घरातलंच जुनं लाकूड शोधून बसवायची.

सुतारदादांनी मला साऱ्या गल्लीसाठी बनवलं. माझा मुक्काम शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या व्हरांड्यात असे. काकू एकट्याच राहतात. कुणाला दिवा बदलायचा असो की जळमटं काढायची असोत, आधी त्यांचं दार वाजायचं.

"काकू, शिडी नेतो हं!"

"ने रे, पण आधी चहा घे."

आणि मग अर्धा तास त्या माणसाची सुटका नसे. माझी ऐट तर विचारूच नका!

पुढे स्वस्तात मिळाली म्हणून बेकरीवाले भाऊ एक चकचकीत ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आले. त्यांचं बघून शेजाऱ्यांनीही घेतली. बघता बघता घरोघरी शिड्या झाल्या. शिडी लागायची वर्षातून एकदा-दोनदा, पण तिला अडखळायचं मात्र रोज! माझी एक पायरी कुजून मोडली, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते काकूंचं दार वाजेनासं झाल्याचं. त्या सवयीने दोन कप चहा टाकायच्या आणि दोन्ही एकट्याच प्यायच्या.

एक दिवस भाऊंच्या शिडीचा प्लॅस्टिकचा सांधा तुटला. दुकानदार म्हणाला, "सुटा भाग येत नाही, नवीनच घ्या." भाऊ डोकं खाजवत काकूंच्या दारात उभे राहिले.

"काकू, आपली जुनी शिडी आहे का हो?"

"आहे. पायरी तेवढी बसवावी लागेल."

"पण मी कुठे मोडली?"

"काळाने मोडली. पण काळ काही खिळे ठोकायला यायचा नाही. बस, चहा टाकते."

भाऊंनी बेकरीतल्या जुन्या फळीची पायरी बसवली. तिला अजून पावाचा वास येतो. त्यांची मोडकी शिडी भंगारवाल्याकडे गेली. वितळून तिचं पुन्हा काहीतरी कामाचं होईल. भाऊंचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या शिड्या शेजारच्या गल्ल्यांना दिल्या, गल्लीला एक या हिशोबाने. आमच्या गल्लीत पुन्हा मी एकटीच, आणि मी पुरून उरते!

म्हणून सांगते मित्रांनो, नवी वस्तू घेण्याआधी शेजारचं दार वाजवून बघा. मोडलं तर दुरुस्त करा. आणि मला न्यायला याल तेव्हा घाईत येऊ नका. काकूंनी दोन कप चहा टाकलेला असतो.