बाईंचा आवाज आणि माझे पाच वॅट

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, आणि तोही कमी ताकदीचा. माझ्या अंगात अवघे पाच वॅट. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण माझ्या वाट्याला जे सुखदुःख आले ते यातूनच आले. टेपरेकॉर्डरकडून आलेला बारीकसा आवाज उचलायचा, त्यात बळ भरायचे आणि तो स्पीकरच्या हवाली करायचा, एवढेच माझे काम. मला स्वतःला तोंड नाही. स्पीकर हेच माझे तोंड. ते जसे मिळेल तसा मी बोलतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसणाऱ्या एका डावखुऱ्या बाईने माझ्या तारांना कथलाचा डाख दिला. शेजारणीशी तिचा अबोला होता, त्यामुळे ती दिवसभर मान खाली घालून काम करायची. त्या अबोल्याचा फायदा मला झाला. माझा एकही सांधा आजवर निखळलेला नाही.

तिथून मी एका चष्मेवाल्यांच्या घरी आलो. खाली त्यांचे दुकान आणि वर दोन खोल्यांचे घर. त्यांची पत्नी अंध मुलांच्या शाळेत शिकवायची. मुले तिला 'बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. मुलांना छापील पुस्तके वाचता येत नसत, म्हणून बाई खिडक्या लावून घेऊन धडेच्या धडे मोठ्याने वाचत आणि कॅसेटवर भरून ठेवत. कपाटाचे दोन खण त्या कॅसेटनी भरले होते.

पुढे बाईंच्या घशात गाठ झाली. जीव वाचला, पण शस्त्रक्रियेत आवाज कायमचा गेला. हे सगळे मी येण्यापूर्वीचे. मी आलो तेव्हा बाई घरात पाटी घेऊन वावरत. काही सांगायचे असले की पाटीवर लिहीत आणि नवऱ्यापुढे धरत. चष्मेवाल्यांशी असे निभत होते. पण शाळेतल्या मुलांना पाटी कुठून दिसणार? बाईंनी शाळा सोडली. मुले मात्र विचारत राहिली, बाई कुठे गेल्या, बाई आमच्यावर रागावल्या का?

ते ऐकून चष्मेवाल्यांनी मला घरी आणले. दवाखान्याच्या खर्चाने घर धुऊन काढले होते. मोठा ॲम्प्लिफायर परवडला नाही, मी परवडलो.

"मुलांना शनिवारी इथे बोलावू," ते बाईंना म्हणाले. "तू शेजारी बस. तुझ्या कॅसेट लावू. खोली भरून आवाज आला पाहिजे, तू वर्गात बोलायचीस तसा."

बाईंनी मान हलवून नकार दिला. पण त्या उठून गेल्या नाहीत.

माझ्याबरोबर चष्मेवाल्यांनी दोन लहानसे, चकचकीत स्पीकर आणले होते. दिसायला गोंडस, उचलायला जड. त्यांच्यातून बाईंचा आवाज आला तो गोधडीखालून आल्यासारखा. चष्मेवाल्यांनी माझे बटण फिरवत नेले. मी होते नव्हते ते सगळे बळ लावले, अंग तापले, आणि आवाज मोठा होण्याऐवजी फाटला. 'स' आणि 'श' तर चाळणीतून खडे पडावेत तसे खरखरले. बाईंनी पाटी घेतली आणि लिहिले, 'सर्दी झालेली बाई.' दोघेही हसले. मग बाईंनी पाटी पुसली आणि बराच वेळ त्या पुसतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले मला पिशवीत घालून स्पीकरवाल्याकडे गेले. हा दुकानदार बडबड्या होता, पण मनाने सरळ. चष्मेवाल्यांनी मोठा आकडा छापलेल्या एका जोडीकडे बोट दाखवले. "हे द्या. शंभर वॅट लिहिलंय."

"त्या आकड्यावर जाऊ नका हो. शंभर वॅट सोसतात, एवढाच त्याचा अर्थ. थोड्या ताकदीत किती बोलतात, ते वेगळं बघावं लागतं."

"ते कसं बघायचं?"

"तुमचा हा गडी अशक्त आहे." मला जरा लागलेच. "त्याला लोखंडी दार ढकलायला लावलं तर तो दमणार. त्याला पडदा द्या, पडदा. हलका कागद, रुंद तोंड, मोठी पेटी. कमी ताकदीत मोकळा बोलणारा स्पीकर."

"आणि परवडणारा."

"ते तर आलंच. नवे तसले परवडायचे नाहीत. जुने घ्या. मोठ्या पेट्यांना लोकांच्या घरात जागा नसते, म्हणून स्वस्तात जातात."

नाटकाच्या तालमीच्या एका खोलीतून निघालेली जोडी त्याच्याकडे पडून होती. पेट्या कमरेइतक्या उंच, कापड एका कोपऱ्यात उसवलेले. वर्षानुवर्षे नटमंडळी त्यांच्यावर बसत असावीत, कारण माथ्यावरचा रंग गुळगुळीत झिजला होता. दुकानदाराने कापड काढले, कागदी पडदा बोटांनी हलकेच आत दाबून पाहिला, तो कुठे घासत नाही ना याची खात्री केली. पेटीमागचा ओहमचा, म्हणजे विजेच्या रोधाचा, आकडा माझ्या पाठीवरच्या आकड्याशी जुळतो का तेही पाहिले. मग म्हणाला, "गाणं लावून पारख करू नका, फसाल. ओळखीच्या माणसाचा आवाज लावा. आणि ओळखणाऱ्या माणसाला सोबत आणा."

चष्मेवाले बाईंना घेऊन आले. कॅसेट लागली. माझे बटण अर्ध्यावरही गेले नसेल, आणि मित्रांनो, त्या मळक्या दुकानात बाई बोलू लागल्या. वाक्य संपल्यावरचा त्यांचा छोटासा श्वासही ऐकू आला. त्या श्वासाशी बाईंनी डोळे मिटले आणि हात गळ्यावर ठेवला. बाईंनी पाटीवर एकच शब्द लिहिला, 'मीच.'

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. शनिवारी मुले यायची, जिना चाचपत, एकमेकांचे खांदे धरून. बाई कॅसेट लावायच्या, मुलांच्या मधोमध बसायच्या आणि त्यांची बोटे उठावाच्या ब्रेल अक्षरांवरून फिरवायच्या. एका कॅसेटवर त्या कोणाला तरी "शाबास, पुढे वाच" म्हणाल्या होत्या. ती जागा त्यांनी शोधून ठेवली होती. मुलाने नीट वाचले की बाई बटण दाबायच्या आणि माझ्यातून "शाबास" निघायचे. दोन वेण्या घालणाऱ्या एका मुलीने एकदा विचारले, "बाई, तुम्ही त्या कोपऱ्यातून का बोलता? जवळून का नाही बोलत?" बाईंनी तिचा हात धरून आपल्या गळ्यावरच्या व्रणावर ठेवला. मुलगी थोडा वेळ तो चाचपत राहिली. मग म्हणाली, "असू दे. कोपऱ्यातून ऐकू येतं."

सहा-सात वर्षांनी बाई गेल्या. दुखणे परत आले होते. मुले यायची थांबली. चष्मेवाले मात्र दुपारी दुकान मिटून वर येत, जेवत आणि मला चालू करत. कुठला धडा आहे याकडे त्यांचे लक्ष नसे. नद्यांचा असो, अपूर्णांकांचा असो, ते भिंतीला टेकून ऐकत. कधी "हं" म्हणत, कधी "मग?" म्हणत. नवराबायकोच्या गप्पाच चालल्यात, असे बाहेरच्याला वाटावे.

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरी करायचा. चांगला मुलगा, बापाला जपणारा. एकदा तो सुट्टीत आला आणि त्याने पाहिले, खोलीची अर्धी जागा दोन कळकट पेट्यांनी अडवलेली. वडील दुकानात असताना त्याने नवे सडपातळ, देखणे स्पीकर आणले, मला जोडले आणि त्या दोन पेट्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण माझे तोंडच तो उचलून नेत होता.

चष्मेवाले वर आले. कोपऱ्याकडे पाहून दारातच थबकले.

"बाबा, बसा. आईची कॅसेट लावतो. बघा आता कशी खोली मोकळी झाली."

कॅसेट लागली. पुन्हा तीच गोधडी, तोच दबलेला आवाज. मुलाने माझे बटण वाढवले. मी फाटक्या आवाजात बोलत राहिलो. चष्मेवाल्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो कौतुकाची वाट पाहत होता.

"कसं वाटतंय, बाबा?"

"छान आहे," चष्मेवाले म्हणाले. "फार छान आहे रे."

मुलगा आनंदाने परत गेला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले दुकान न उघडता भंगारवाल्याकडे गेले. परत आल्यावर जिन्यात शेजारीणबाईंना सांगत होते, "लाकूड जळणात गेलं. लोहचुंबकं काढून विकली." नंतर काही दिवस ते स्पीकरला कान लावून ऐकत. मग तेही सुटले. मुलगा फोनवर विचारी, "ऐकता ना आईला?" ते म्हणत, "ऐकतो की, रोज." आणि माझ्यावर धूळ साचत असे.

दोन वर्षांनी चष्मेवालेही गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मुलाने एकट्यानेच बसून आईची कॅसेट लावली. थोडे ऐकले, बंद केली, पुन्हा लावली. "आईचा आवाज असा नव्हता," तो स्वतःशीच म्हणाला. बिघाड माझ्यात असेल असे वाटून तो मला त्याच स्पीकरवाल्याकडे घेऊन गेला. दुकानदार आता म्हातारा झाला होता, पण त्याने मला ओळखले.

"यात काही बिघाड नाही. याला आपल्या जोडीची गरज आहे. तुमचे वडील येऊन गेले ना माझ्याकडे, कितीदा तरी. तसलीच जोडी शोधत होते. मिळाली नाही."

"मला कधी बोलले नाहीत."

दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "मुलाला कळू देऊ नका म्हणाले होते. म्हणाले, हौसेने आणलेत त्याने."

मुलगा तिथल्या स्टुलावर बसला आणि तसल्या जोडीचे वर्णन त्याने कागदावर उतरवून घेतले.

आता मी त्याच्या घरी आहे. तो जुन्या पेट्या शोधतो आहे. कधीतरी मिळतीलही, आणि बाई पुन्हा स्वच्छ बोलतील. पण "मग?" म्हणणारे कोणी समोर नसेल.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बदलायची असेल तर जरूर बदला. नव्या वस्तूंशी माझे भांडण नाही. फक्त ती हलवण्याआधी, जे माणूस ती रोज वापरते त्याच्या शेजारी एक दुपार बसून बघा. आणि तुमची भेट पाहून ते माणूस "छान आहे" म्हणाले, तर लगेच उठू नका. थोडा वेळ त्याच्याजवळच थांबा.