गुबगुबीत ठिपका

बुधवारी सकाळी ओतिलियाबाईंनी सदतीस अंशांवरचं उबवणीचं कपाट उघडलं आणि आतली प्लेट बाहेर काढली. प्लेट यीस्टनं भरली होती. ती कोरी असायला हवी होती.

कपाट बिघडलं असेल म्हणून त्यांनी थर्मामीटर पाहिला. सदतीसच. बाहेरचं काही शिरलं असेल म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. स्वच्छ यीस्ट, मजेत वाढलेलं. ब्रातिस्लाव्हातल्या या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं यीस्ट सांभाळत होत्या, पण यीस्ट वाढलं म्हणून घाबरायची ही पहिलीच वेळ.

हे यीस्ट आजारी होतं आणि आजारी असणं हेच त्याचं काम होतं. पेशीच्या केंद्रकात प्रथिनं वाहून न्यायला एक वाहक लागतो. तो ज्या जनुकामुळे बनतो, त्या जनुकासकट त्याला इथे सगळे 'हमाल' म्हणत. या यीस्टमधला हमाल लंगडा. पंचवीस अंशांना कसाबसा ओझं ओढतो, सदतिसाला बसकण मारतो आणि पेशी मरते. पण हमाल बसल्यावरही पहिल्या तासात माल आत पोचतोच, म्हणजे दुसरी एखादी वाट असणार, असं तिमेआनं चार वर्षं खपून दाखवलं होतं. त्या वाटेवर पोरीची डॉक्टरेट उभी होती. शुक्रवारी अकराला तोंडी परीक्षा. एका परीक्षकानं एवढंच लिहून मागितलं होतं, की यीस्ट सदतिसाला खरंच मरतं याचा एक फोटो जोडा. इतक्या साध्या गोष्टीचा फोटो आजवर कुणी काढलाच नव्हता, आणि आता ते काम ओतिलियाबाईंकडे आलं होतं.

काय झालं असेल ते त्यांना जिना उतरताना उमगलं, आणि त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. दर वसंतात त्या यीस्ट प्लेटवर पसरत, एकेका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यांतला एक निवडत, टूथपिकनं उचलून कुपीत गोठवत. निवडत कुठला? सगळ्यात गुबगुबीत. नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या हेच शिकवत, "मरतुकडं उचलू नकोस गं, खाऊनपिऊन सुखी दिसेल ते उचल." इतर यीस्टना ते ठीक. इथे मात्र मरतुकडे तेच खरे होते. गुबगुबीत ठिपका म्हणजे ज्याच्या हमालाचा पाय आपोआप बरा झालाय तो.

मग तिमेआची दुसरी वाट नव्हतीच. बरा झालेला हमाल समोरच्याच दारानं माल नेत होता.

एकच आशा होती. ही प्लेट यंदाच्या कुपीतली. तिमेआची स्वतःची, तिचे सगळे प्रयोग जिच्यातून झाले ती कुपी चार वर्षांपूर्वीची, बदकाचं चित्र चिकटवलेली. तेव्हाचं यीस्ट अजून आजारी असलं तर पोरगी वाचली. त्यांनी ती कुपी काढली, तिच्यातल्या यीस्टच्या प्लेटवर रेघा ओढल्या आणि कपाटात ठेवली. आता दोन दिवस.

गुरुवारी तिमेआ परीक्षेनंतरच्या खाण्याची यादी करत बसली होती.

"मावशी, फोटो झाला?"

"उद्या."

"तोंड का उतरलंय? परीक्षा माझी आहे की तुमची?"

"गप बस. काकड्यांचं लोणचं पुरेल का ते बघ."

त्या दिवशी ओतिलियाबाईंनी डब्यातलं सूप तसंच परत नेलं. खरं सांगायचं तर त्या भेदरल्या होत्या.

शुक्रवारी साडेसातला त्या अंगातला कोटही न काढता कपाटापाशी गेल्या. 'मर गं बाई, एकदाची मर,' असं त्या मनातल्या मनात यीस्टला विनवत होत्या. दार उघडलं. प्लेट काठोकाठ भरली होती.

ती टेबलावर ठेवून, झाकण काढून त्या स्टुलावर बसल्या. समोर न वापरलेल्या कोऱ्या प्लेट्सची चळत होती. एकीच्या झाकणावर ३७ लिहायचं, फोटो काढायचा, संपलं. परीक्षक मान डोलावतील. आपणच पोरीचं वाटोळं केलं, तर निस्तरायला नको? त्यांनी मार्करचं टोपण काढलं. तीन लिहिला. मग त्यांनी मार्कर उघडाच खाली ठेवला.

तेवढ्यात नवे बूट टकटकवत तिमेआ आली. तिच्या हातात आईनं कोमार्नोहून पाठवलेल्या खसखशीच्या रोल्सचा डबा होता. टेबलावरची भरलेली प्लेट तिनं उचलून खिडकीकडे धरली.

"अय्या, कसली गुबगुबीत आलीये! मावशी, तुमच्या हाताला गुण आहे हं."

"ती सदतिसातली आहे, पोरी. तुझ्याच कुपीतली."

"चला, काहीतरीच. पंचवीसची असणार."

ओतिलियाबाईंनी टेबलावर पालथं पडलेलं झाकण उलटून तिच्यासमोर धरलं. आकडा वाचायला तिमेआला फार वेळ लागला. तिनं डबा खाली ठेवला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, नुसतं, विसरल्यासारखं.

"चूक माझी आहे," ओतिलियाबाई म्हणाल्या. "मी प्रोफेसरांना सांगते. आत्ता सांगते."

बाहेरून तिच्या मार्गदर्शकांचा, प्रोफेसर ह्रोनेत्सांचाच आवाज आला, "तिमेआ, फोटो आला का गं?"

तिमेआ झाकणावर नुसता ३ असलेल्या कोऱ्या प्लेटकडे बघत होती. मग शेजारच्या उघड्या मार्करकडे.

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "सात लिहायचा राहिलाय."