घड्यात विझलेली ज्योत

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर बाबा, पुढ्यात तांब्याचा घडा. जो येईल त्याच्या नावाची पेटती मेणबत्ती बाबा तारेला अडकवून घड्यात सोडत.

"आत सत्त्व असेल तर जळेल, पोकळी असेल तर विझेल. मी फक्त निमित्तमात्र!"

निमित्तमात्राच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर होते.

आत्याने दारातच शिष्याला सांगून ठेवलं होतं, "भाचीचं मन आजारी आहे हो." आमची पाळी येताच शिष्य घडा 'शुद्ध करायला' पडद्यामागे घेऊन गेला. परत आणला. माझी धाकटी बहीण वाकून बघत होती. तिची ज्योत फस्सकन विझली.

"पोकळ!" बाबा म्हणाले. "गोळ्या बंद कर. इथेच येत जा."

घरी आल्यावर तिने गोळ्या बेसिनमध्ये ओतल्या. मग अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, बाळाला माझ्याकडे देत जाऊ नकोस."

मी बाथरूमची कडी काढून टाकली, गच्चीला कुलूप घातलं. बाळाला पाजतानाही कान तिच्या खोलीकडे.

दुसऱ्या दिवशी मी किटलीतला क्षार काढायला सोडा टाकून व्हिनेगर ओतलं. ती दचकली.

"हाच वास. त्या घड्यातून येत होता."

बेकरीत नुसत्या वासावरून केक झाला की नाही सांगणारी माझी बहीण!

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"वाटलं, माझंच नाक बिघडलंय. माझं काय बरोबर असतं, ताई?"

बाबापेक्षा मला या वाक्याची जास्त भीती वाटली.

पातेल्यात सोडा, वर व्हिनेगर. फेस बसल्यावर तिची मेणबत्ती सोडली: विझली. माझी सोडली: विझली. आत्या दारात उभी होती.

"आत्या, आता तुझी."

तीही विझली.

"म्हणजे घरात तिघी पोकळ!" धाकटी म्हणाली. किती दिवसांनी हसली! आत्या मात्र पातेल्याकडेच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव गं."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. कडी मी अजून बसवलेली नाही.

सोड्यावर व्हिनेगर पडलं की हवेपेक्षा जड वायू सुटतो, भांड्यात साचतो आणि ज्योत गुदमरते. कुणाच्या मनात काय आहे, ते त्याला काय कळणार? तापात अंग तापतं, तसं नैराश्याच्या या आजारात माणूस स्वतःला कुचकामी समजू लागतो. तुमच्या घरी कुणी तसं बोलू लागलं, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि त्याला काही खटकलं असेल, तर आधी त्याच्या नाकावर विश्वास ठेवा.