सरांचा डावा हात

“डिपेंड,” सर म्हणाले. “पुढे काय?”

“फ्रॉम?”

“ऑन! आणि सुई टोचताना उत्तर देत जाऊ नका, सिस्टर. हात माझा आहे.”

सिस्टर हसल्या, तोवर दुसरी सुईही सरांच्या डाव्या हाताच्या फुगलेल्या शिरेत अलगद गेली होती. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत. मशीन चार तास घुरघुरत रक्त गाळत बसे आणि तेवढ्या वेळात सर शिकवत. इनचार्ज सिस्टर होण्याच्या परीक्षेत सिस्टर दोनदा आपटल्या होत्या, दोन्हीदा इंग्रजीत. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला क्रियापदापुढचा टीचभर शब्द रडवतो, म्हणजे कमालच!

“सर, याला काही नियम?”

“घरात आलेल्या सुनेचं कुणाशी पटेल, याला नियम असतो का? सहवासानं कळतं. रोज पाच जोड्या पाठ करा.”

सिस्टरांनी केल्या. भांडी घासताना ‘वेट फॉर, लिसन टू’ चालू असे. सासूबाईंनी एकदा विचारलंच, “कुणाला शिव्या घालतेस गं?”

आठ महिन्यांनी निकाल लागला. घरी फोन करायच्याही आधी सिस्टरांनी तो कागद सरांपुढे धरला.

“एकोणऐंशी!” सरांनी चष्मा सावरला. “पेपर सोपा होता वाटतं?”

“सर, तुमच्यामुळे...” सिस्टरांनी कागद पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी खालची ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. सोमवारपासून त्यांची नेमणूक तिसऱ्या मजल्यावर होती. सरांची शीर भलती लबाड. इतर कुणी टोचलं की तीन-तीनदा भोसकल्याशिवाय सापडत नसे. “तुमच्या सुयांचं काय आता? तुमच्या लक्षात नाही आलं हे?”

“पहिल्याच दिवशी आलं होतं. मास्तर आहे मी. पोरं पास झाली की वर्ग सोडून जातात.”

सोमवारी ड्यूटीआधी सिस्टर खाली डोकावल्या. नवी सिस्टर घामाघूम झाली होती. पहिली सुई चुकली, दुसरीही. सरांनी ओठ घट्ट मिटले होते. सिस्टर पुढे झाल्या, तशी सरांनी मान हलवली.

“त्यांना जमेल. तुम्ही जा, तुमचा वॉर्ड खोळंबलाय.”

सिस्टरांच्या मनात आलं, आठ महिने हा माणूस आपल्याला शिकवून स्वतःच्याच हातावर हे दुखणं ओढवून घेत होता आणि एकदाही तोंडातून ब्र काढला नव्हता. हे उपकार कुठे फेडायचे? त्या गेल्या नाहीत. नव्या सिस्टरच्या मागे उभ्या राहून हळूच म्हणाल्या, “घाबरू नकोस. बोटानं चाचप आधी. इथे शीर वळते बघ. सुई थोडी तिरकी धर. हां, आता.”

सुई गेली, मग दुसरीही. मशीन सुरू झालं. सरांनी सुस्कारा सोडला, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि नव्या सिस्टरकडे पाहिलं.

“काय हो, तुमचं इंग्रजी कसं आहे?”